व्हॅम्पायर येण्याआधीची तीन पानं : कोपऱ्यातल्या नायिकेची लव्हस्टोरी कशी लिहायची

गेली पाच-सहा वर्षं मुली मला त्यांनी लिहिलेल्या व्हॅम्पायर लव्हस्टोऱ्या वाचायला पाठवतात. दहावी-बारावीतल्या, काही इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या, एक तर जर्मनीत मास्टर्स करणारी होती. मी सगळ्या वाचते, शेवटपर्यंत वाचते, कारण हा प्रकार माझ्या फार जवळचा आहे आणि कुणी "काय ते पोरीसोरींचं" म्हणून उडवून लावलं की मला खरंच राग येतो. पण एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक कथेत होते. पहिल्याच पानावर तो येऊन उभा राहतो. गोरापान, गार हात, खोल डोळे, पावसात भिजलेला तरी देखणा. आणि नायिका? "ती साधी होती, शांत होती, इतरांपेक्षा वेगळी होती." संपलं. पुढे दोनशे पानं आपण त्याच्याकडे बघत राहतो आणि तिचं काय होणार याची काळजी काही वाटत नाही, कारण ती कोण हेच कळलेलं नसतं.

म्हणून माझी पद्धत सांगते, ती अशी की पहिली तीन पानं व्हॅम्पायरशिवाय लिहायची. त्याचं नाव नाही, सावली नाही, जंगलात चमकलेले डोळे नाहीत, काही नाही. फक्त ती, तिचा एक साधा सोमवार, आणि ती सगळ्यांच्या बाहेर का आहे ते. ही तीन पानं वाचताना कंटाळा आला तर समजा की नायिका अजून तयार नाही, अशा वेळी व्हॅम्पायर आणला तरी तो फक्त झाकपाक करेल.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, या प्रकाराच्या मुळातच ते आहे. १८७२ ची 'कार्मिला' घ्या, शेरिडन ले फानूची, म्हणजे ड्रॅक्युलाच्या पंचवीस वर्षं आधीची. त्यातली लॉरा ऑस्ट्रियातल्या स्टिरियामध्ये जंगलातल्या एका वाड्यात राहते, वडील इंग्रज, आई लहानपणीच गेलेली, सोबतीला दोन गव्हर्नेस, म्हणजे घरी राहून शिकवणाऱ्या बाया, आणि आसपास तिच्या वयाचं कुणी नाही. एक मुलगी पाहुणी म्हणून येणार असते, लॉरा कित्येक आठवडे त्या मुलीची वाट बघत असते, आणि एके दिवशी पत्र येतं की ती मुलगी वारली. त्या संध्याकाळी लॉरा हिरमुसलेली असताना वाड्यासमोर एक घोडागाडी उलटते आणि आतून कार्मिला निघते. क्रम बघा. आधी वाट बघणं, मग ती जागा रिकामी राहणं, आणि मग त्या रिकाम्या जागेत कुणीतरी येऊन बसणं. दीडशे वर्षांनंतर सुद्धा क्रम हाच चालतो.

आता तिचं बाहेर असणं नेमकं कशामुळे, हे ठरवायचं, आणि इथे घाई करू नका. "शांत", "लाजाळू", "पुस्तकी" हे कारण होत नाही, हे नुसते शब्द आहेत. कारण असं हवं की ज्यामुळे सोमवारी तिसऱ्या तासाला काहीतरी घडेल. स्टेफनी मायरच्या 'ट्वायलाइट' या कादंबरीतली बेला स्वान जानेवारीत, वर्ष अर्धं झाल्यावर शाळा बदलते, फिनिक्समधून फोर्क्सला. त्या शाळेत ३५७ मुलं आहेत आणि ही ३५८ वी. लहान गावात नवी मुलगी दिसेनाशी होत नाही उलट सगळ्यांना आधीच माहीत असते, वडील गावचे पोलिस चीफ, त्यामुळे ती यायच्या आधीच तिची बातमी पोचलेली. आणि गंमत म्हणजे ती फिनिक्समध्येही बसत नव्हती, इतक्या उन्हाच्या गावात राहून पांढरीफटक. म्हणजे इथलीही नाही आणि तिथलीही नाही. हे एवढं बारीक काम त्या पुस्तकात आधी झालंय म्हणून पुढचं सगळं पेलतं, लोक त्याला कितीही नावं ठेवोत.

दुसऱ्या प्रकारचं बाहेर असणं म्हणजे दुःखामुळे. १९९० च्या 'द सिल्व्हर किस' या कादंबरीत झोईची आई कॅन्सरने मरायला टेकलेली आहे, वडील तिच्यापाशी हॉस्पिटलमध्ये, जिवलग मैत्रीण दुसऱ्या राज्यात निघालीये. झोई कुठून आलेली नाही, तिचंच गाव, तिचीच शाळा, पण ज्या घरात मरण येऊ घातलंय त्या घरातल्या मुलीशी काय बोलावं हे वर्गात कुणालाच कळत नाही, सगळे नजर चुकवतात. हे मला बेलापेक्षाही जास्त लागतं. ज्यांनी घरात मोठं आजारपण बघितलंय त्यांना कळेल मी काय म्हणतेय, लोक वाईट नसतात पण तुमच्याभोवती वर्तुळ आखलं जातं.

तिसरा प्रकार गर्दीच्या मधोमध असून बाहेर असणारीचा. १९९१ च्या 'व्हॅम्पायर डायरीज'च्या पुस्तकांतली एलेना शाळेची राणी आहे, सगळी मुलं तिच्यामागे, पण आईवडील गेलेत आणि ती ज्युडिथ आंटीकडे राहते. (आपल्याकडच्या बऱ्याच जणींनी फक्त सिरीयल बघितलीये, पुस्तकातली एलेना बरीच वेगळी आहे, जास्त घमेंडखोर आणि मला तरी जास्त खरी वाटणारी.) आणि चौथा प्रकार जन्माने, म्हणजे अर्धी माणूस अर्धी व्हॅम्पायर वगैरे, तो प्रकार लिहायला सोपा वाटतो पण त्यात आधी व्हॅम्पायरांची अख्खी जातव्यवस्था उभी करावी लागते, पहिल्या कथेला तो घेऊ नका.

तुमच्या स्वतःच्या आयुष्यात असा एखादा कोपरा असेलच, तो शोधा. माझा सांगते. आठवीत मी साताऱ्याहून पुण्याच्या शाळेत आले आणि पहिल्याच आठवड्यात बाईंच्या प्रश्नाला उत्तर देताना "लई" म्हणाले. वर्ग हसला. फार क्रूर नव्हतं ते, दोन मिनिटांत सगळे विसरले असतील, पण मी दिवाळीपर्यंत वर्गात तोंड उघडलं नाही. आणि त्या चार महिन्यांत मला त्या वर्गातलं सगळं कळायला लागलं. कोण कुणाची वही उतरवतं, कोणाच्या डब्यात महिन्याच्या शेवटी नुसती चटणी-पोळी असते, कुठल्या बाई चपला घासत येतात आणि कुठल्या अजिबात आवाज न करता दारात उभ्या राहतात. पुढे अकरावीत, २००९ साली, मैत्रिणीने फुटपाथवरून आणलेली 'ट्वायलाइट'ची एक कॉपी हातात पडली, मधली सोळा पानं उलटी बांधलेली, पुस्तक फिरवून फिरवून वाचावं लागायचं. त्यात नवी मुलगी कँटीनमध्ये बसून लांबच्या टेबलावरच्या पाच जणांकडे बघते, त्यांच्यासमोर ताटं आहेत पण कुणी खात नाहीये. ते वाचून मी थांबले. बाकी अख्ख्या शाळेने ती पाच जणं रोज बघितली असतील. पण ती नवी होती, गप्पांत रमलेली नव्हती, म्हणून तिची नजर तिथे टिकली.

मला या सगळ्या प्रकारातली खरी गोष्ट हीच वाटते. बाजूला उभी असणारी मुलगी जास्त बघते. व्हॅम्पायर तिला सापडतो कारण ती बघत असते. तो येऊन तिला निवडतो आणि मग ती कुणीतरी होते, असं लिहिलंत की ती त्याच्या हातातली वस्तू झाली. तिने आधी त्याला ओळखलं असं लिहा, मग बघा तोल कसा बदलतो.

हे करायचं कसं, ते एक तुकडा लिहूनच दाखवते. नायिका धरू मुक्ता, सोळा वर्षांची, मिरजेची. आई डॉक्टर. आईने अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे डॉक्टर झाल्यावरचं हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण, केली तेव्हा तीन वर्षं मुक्ता आजीकडे मिरजेत होती. जे-वन व्हिसावर (प्रशिक्षणासाठी येणाऱ्यांना मिळतो तो) रेसिडेन्सी केलेल्या परदेशी डॉक्टरला नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं, आणि ते टाळायचं तर जिथे डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं नोकरी करावी लागते, म्हणून आई वॉशिंग्टन राज्यात एका लाकूडतोड्यांच्या लहान पावसाळी गावात रुजू झालीये आणि मुक्ता आता तिच्याकडे आलीये. हे कारण मी मुद्दाम घेतलं. आपली माणसं सिएटलच्या बाजूला, रेडमंड-बेलव्ह्यूला ढिगाने आहेत, तिथे ठेवली असती तर तिला गणपती, मराठी मंडळ, शनिवारची मराठी शाळा सगळं मिळालं असतं आणि ती बाहेरची उरलीच नसती. चार तास पलीकडे टाकली की ती एकटी. शिवाय आईसुद्धा तिला तीन वर्षांनी भेटतेय, म्हणजे घरातही जरा परकेपण.

"शाळा पावणेतीनला सुटते आणि आई चारच्या आत येत नाही. जिमच्या छपराखाली एक बाक आहे, त्याची डावी बाजू कोरडी असते, तिथे मी बसते. आधी मोठ्या मुलांच्या गाड्या निघतात, मग दोन पिवळ्या बस, मग सगळ्यात शेवटी बँडवाले. जानेवारीत सगळ्यांच्या तोंडातून वाफ येते, हसले की जास्त. आज बँडमधली पाच मुलं छपराखाली येऊन थांबली. चौघं बोलत होते, त्यांच्या तोंडासमोर पांढरं पांढरं होत होतं. पाचवा ऐकत होता. मग त्याला कुणीतरी काही विचारलं आणि तो बराच वेळ बोलला, अर्धा मिनिट तरी. वाफ आली नाही. मी माझ्या तोंडासमोर हात धरला आणि हळूच श्वास सोडून बघितला. आली."

या तुकड्यात तो दिसायला कसा आहे याबद्दल एक अक्षर नाही. डोळे नाहीत, जबडा नाही, हृदयाचा ठोका चुकलेला नाही. पण ती रोज सव्वा तास तिथे बसते, गाड्या कुठल्या क्रमाने जातात ते तिला पाठ आहे, म्हणून जे बाकीच्या चौघांना दोन फुटांवरून दिसलं नाही ते तिला दिसलं. आणि शेवटी ती स्वतःचा श्वास तपासते. ती घाबरट नाहीये, चौकस आहे, हे कुठेही न सांगता कळलं. तुम्ही अशा तीन खुणा ठरवा, तीनच, आणि प्रत्येक खूण तिच्या रोजच्या जागेवरून दिसेल अशी ठेवा. दुसरी खूण पहिल्यापेक्षा जवळून, तिसरी स्पर्शाइतकी जवळ. तिसऱ्या खुणेपर्यंत व्हॅम्पायर हा शब्द वापरायचा नाही. वाचणारीला आधीच माहीत असतं हो, कव्हरवरच लिहिलेलं असतं, पण नायिकेला कळायला वेळ लागतो तो वेळच तर आपल्याला वाचायचा असतो.

आणि एक विनंती, डब्यातल्या भाजीच्या वासाला वर्ग नाक मुरडतो हा प्रसंग आता नका लिहू. परदेशातल्या भारतीय मुलीचं एकटेपण दाखवायला तो इतक्या जणांनी वापरलाय की वाचताना डोळे पुढे सरकतात. बाकाची कोरडी बाजू वगैरे काहीतरी शोधा, जे फक्त तिलाच माहीत आहे.

आता जागा आणि नियम. हे दोन्ही एकत्र ठरवायचे असतात, वेगवेगळे नाही. स्टेफनी मायरला तिच्या व्हॅम्पायरांसाठी अमेरिकेतलं सगळ्यात पावसाळी ठिकाण हवं होतं म्हणून तिने शोधलं आणि फोर्क्स सापडलं, ऑलिंपिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेला, पॅसिफिकवरून येणारे ढग तिथल्या डोंगरांना अडतात आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही वर्षभर पसरून. ढगाळ दिवसांमुळे ते लोक शाळेत जाऊ शकतात, आणि ऊन पडलं की गैरहजर. ऊन पडणं हीच मग गोष्टीतली घटना होते. किती साधं आहे बघा.

आपल्याकडच्या मुली लगेच आंबोली घेतात, किंवा महाबळेश्वर. मला आंबोली आवडते, आणि पाऊस म्हणाल तर फोर्क्सच्या दुपटीहून जास्त, सात हजार मिलिमीटरच्या आसपास. पण तो सगळा जून ते सप्टेंबर. ऑक्टोबरपासून तुमचा हिरो काय करणार? कॉलेजला आठ महिने दांडी? हा प्रश्न सोडवलात तर तुमची कथा फोर्क्सची कॉपी राहणार नाही. एका मुलीने लिहिलं होतं की तो फक्त पावसाळ्यात येतो आणि दसऱ्याला जातो, आणि नायिका आठ महिने वाट बघते, त्या आठ महिन्यांत ती मोठी होते आणि तो होत नाही. चौथ्या पावसाळ्यापर्यंत ती त्याच्यापेक्षा मोठी. मला ती कथा वाचून रात्री झोप लागली नाही इतकी आवडली.

आणि हो, उन्हाने व्हॅम्पायर जळून मेलाच पाहिजे असं कुणी शपथेवर सांगितलेलं नाही. ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला, १८९७ चा, दिवसा लंडनमध्ये फिरतो, फक्त त्याची ताकद कमी होते. उन्हाने संपणं आलं ते १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटातून. म्हणजे नियम लोकांनी गरजेप्रमाणे बदललेत, तुम्हीही बदला, पण एकदा ठरवलेला नियम ऑनलाइन कथेच्या सतराव्या भागात हिरोला वाचवायला मोडू नका. वाचणाऱ्या मुली लक्षात ठेवतात. कमेंटमध्ये भाग नंबर टाकून विचारतात.

एक जुना नियम मात्र जरूर ठेवा, आमंत्रणाचा. व्हॅम्पायरला घरातल्या कुणी आत बोलावल्याशिवाय पहिल्यांदा उंबरा ओलांडता येत नाही, हे स्टोकरच्या पुस्तकातही आहे. मला हा नियम अतोनात आवडतो कारण त्यात दार तिच्या हातात असतं. 'ट्वायलाइट' मध्ये एडवर्ड, म्हणजे त्यातला व्हॅम्पायर, रात्री खिडकीतून येऊन बेलाला न सांगता तिला झोपलेली बघत बसतो. मी अकरावीत ते वाचून हरखले होते. आज माझी भाची त्या वयाची आहे आणि आज मी स्पष्ट सांगते की ते लिहू नका. कुणी न विचारता रात्री खोलीत येऊन बसलं तर त्याला प्रेम म्हणत नाहीत, आणि आपल्या कथा तेरा-चौदा वर्षांच्या मुली वाचतात. उंबऱ्याचा नियम ठेवला की हा प्रश्न कथेच्या आतूनच सुटतो. तो बाहेर पावसात उभा आहे, ती आत. ती काय म्हणते यावर सगळं.

आणि आपल्या घरात या नियमाचं काय होतं ते बघा! मुक्ताची आजी सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आलीये. मुक्ताला आत्ताच तिसरी खूण कळलीये, ती दारात हात आडवा लावून उभी आहे, त्याला सांगतेय की तू जा. आणि मागून स्वयंपाकघरातून आजी हात पुसत येते, "अगं, त्या लेकराला बाहेर काय भिजत ठेवलंयस, ये रे बाळा, आत ये." झालं. आजीला मराठीशिवाय येत नाही, त्याला मराठी येत नाही, पण आमंत्रणाला भाषा लागते का? तुमच्या जगात लागते की नाही ते तुम्ही ठरवायचं. तो उंबऱ्याकडे बघतो, मग मुक्ताकडे. त्याला आता येता येईल. तो येतो का? माझ्या मते या एका जागी तो कसा आहे हे कळतं, त्याच्या डोळ्यांच्या रंगाची पाच पानं वाचून कळणार नाही एवढं. तो जर म्हणाला की "तू सांगितल्याशिवाय नाही", तर पुढचं प्रेम मला पटेल.

बरं, त्याला ती का आवडते? "तिच्या रक्ताचा वास वेगळा होता" हे एकट्याने पुरत नाही, ती भूक झाली. 'सिल्व्हर किस' मधला सायमन तीनशे वर्षं आपल्या आईच्या मरणाचं ओझं घेऊन फिरतोय आणि झोईची आई मरतेय, म्हणून ते दोघं एकमेकांशी बोलू शकतात, जे झोईशी अख्ख्या गावात कुणी बोलत नाही. म्हणजे तिच्या बाहेर असण्याचं जे कारण, त्याच कारणाला त्याचं काहीतरी जोडलेलं. हा सांधा जुळला की बाकीचं लिहिणं धावतं. मुक्ताच्या बाबतीत मी म्हणेन की तोही मागे ठेवला गेलेला असावा, आईवडील जहाजाने पुढे गेले आणि तो मागे राहिला असं काही. तीन वर्षं आजीकडे राहिलेल्या मुलीला ते सांगावं लागणार नाही, आपोआप कळेल.

मराठीत लिहिताना एक भारी गोष्ट हाताशी असते, तिचा उपयोग फार कमी जणी करतात. तू आणि तुम्ही. इंग्रजीत एकच यू. आपल्याकडे वर्गातला मुलगा म्हणजे "अरे, तू". पण एडवर्डसारखा १९०१ चा जन्म असेल आणि १९१८ च्या तापाच्या साथीत सतराव्या वर्षी थांबलेला असेल, तर ज्या दिवशी तिला हे कळेल त्या दिवशी तिच्या तोंडून काय निघेल? तो तिच्या पणजोबांच्या वयाचा आहे. एका वाक्यात "तू" म्हणायला जाईल आणि जीभ अडखळून "तुम्ही" येईल, आणि त्याला ते लागेल. वयातला फरक हा या प्रकारातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि तो टाळून पुढे जायचं नाही, तिला एकदा तरी त्याबद्दल राग यायला हवा. आपल्याकडे तो राग एका सर्वनामात बसतो.

संवादांचं म्हणाल तर, अमेरिकन मुलाच्या तोंडी "यार", "भावा" घालू नका आणि "मी तुजवर प्रीती करतो" पण नको. त्याचं बोलणं साध्या, स्वच्छ, थोड्या जुन्या वळणाच्या मराठीत ठेवा आणि तिचं विचार करणं तिच्या घरच्या मराठीत. मुक्ता मिरजेची आहे तर मनात "कसलं भारी" म्हणेल, "अद्भुत" म्हणणार नाही. आणि व्हॅम्पायरला व्हॅम्पायरच म्हणा. पिशाच्च लिहिलं की आपल्या डोळ्यासमोर वेगळं काहीतरी येतं, पिंपळ येतो, अमावास्या येते.

तिच्या आजूबाजूची माणसं काढून टाकू नका. बाहेरची नायिका म्हणजे जगात एकही माणूस नाही असं नसतं. आई असते, थकून येते, जेवताना झोपते. वर्गात एक मुलगी असते जी रोज "हाय" म्हणते आणि मुक्ताला तिचं नाव विचारायचं राहून गेलेलं असतं, दोन महिने झाल्यावर विचारायची लाज वाटते. दुसऱ्या मुलींना मेकअप करणाऱ्या दुष्ट बाहुल्या करण्याची सवय आपल्याला हिंदी सिरीयल्समुळे लागलीये, ती सोडा.

आणि जागा खरी घेणार असाल तर तिथे आधीपासून कोण राहतं ते वाचून घ्या. फोर्क्सपासून समुद्राकडे गेलं की ला पुश येतं, तिथे क्विलेयूट लोक राहतात. आपण लांडग्यांपासून माणसं झालो अशी त्यांची खरी उत्पत्तिकथा आहे. माणसाचे लांडगे होऊन व्हॅम्पायरांशी लढणं हे मात्र पुस्तकाने जोडलं. पुस्तकं जगभर गेली, सिनेमे आले, बाहेरच्यांनी त्यांच्या नावाचे दागिने आणि कपडे विकले, आणि त्याच वेळी त्या लोकांची मुलं त्सुनामीच्या पट्ट्यात समुद्राला लागून असलेल्या शाळेत शिकत होती. २०१२ साली कायदा होऊन त्यांना ऑलिंपिक नॅशनल पार्कमधली उंचावरची जमीन मिळाली आणि नवी शाळा २०२२ मध्ये वर सुरू झाली. मला हे खूप उशिरा कळलं आणि कळल्यावर पुस्तक परत वाचलं, तेव्हा समुद्रकिनाऱ्यावर बेलाला गोष्ट सांगणारा क्विलेयूट मुलगा जेकब वेगळाच दिसला. खरा बाहेरचा त्या गावात कोण होता मग? तुम्ही सह्याद्रीतली कथा लिहिताना कातकऱ्यांचा किंवा महादेव कोळ्यांचा देव उचलून त्याला राक्षस करणार असाल तर त्यांच्यातली एखादी मुलगी ते वाचतेय असं समजून लिहा. माझं तर म्हणणं, तिलाच नायिका करा.

शेवट पहिल्या भागाच्या आधी ठरवा. ऑनलाइन भागाभागाने टाकताना हे सगळ्यांचं राहून जातं, मग चाळिसाव्या भागाला लग्न की मरण असा गोंधळ होतो आणि कथा तशीच सोडून दिली जाते. दोन मोठे रस्ते आहेत. बेला शेवटच्या पुस्तकात, २००८ च्या, स्वतः व्हॅम्पायर होते आणि तिला जवळजवळ सगळं मिळतं. झोईचा सायमन सूर्योदयाला सामोरा जातो आणि ती माणूस म्हणून घरी परतते, आईला निरोप द्यायला. मला दुसरा शेवट जास्त खरा वाटतो, पण पहिला ज्यांना हवा त्यांनी जरूर लिहा, फक्त किंमत लावा. एक कागद घ्या आणि ती माणूसपण सोडेल तेव्हा तिचं काय काय जाईल ते लिहून काढा. मुक्ताच्या कागदावर मी लिहिलं : आजीच्या हातची खर्ड्याची चव, घाम, केस वाढणं, आईपेक्षा म्हातारी होण्याची शक्यता, थंडीतली तोंडाची वाफ.

ही शेवटची गोष्ट लिहिली तेव्हा मला माझा शेवट सापडला. तिने काय निवडलं ते सांगायचंच नाही. जानेवारी, पावणेतीन, तोच बाक, डावी बाजू. आई गाडी घेऊन येते, काच खाली करते आणि हाक मारते, आणि मुक्ता उत्तर देते. त्या वाक्यात वाफ लिहायची की नाही, एवढंच ठरवायचं.

तर आज रात्री त्याला बाजूला ठेवा आणि तिचा सोमवार लिहायला घ्या. शाळा किती वाजता सुटते, ती कुठे थांबते, तिला तिथून काय दिसतं. भाग हजार-बाराशे शब्दांचा ठेवा, मोबाईलवर तेवढंच नीट वाचलं जातं. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचा आणि जिथे जिथे "तिला वाटलं" असेल तिथे पेन्सिलने खूण करून तिने काय बघितलं ते घाला. तीन पानं झाली की मला पाठवा, मी वाचते.